‘इतर’ खोक्यातला नावाडी

“तुमचा गेम मी आठशे तास खेळलो. अत्यंत टाकाऊ आहे. कोणीही खेळू नये.”

गेम बाजारात आला त्या सकाळपासून साडेतीन महिन्यांनी हे पत्र माझ्यासमोर पडलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि मनातल्या मनात भागाकार केला. रोजची आठ तासांची ड्युटी धरली, तरी हा माणूस शंभर दिवस न चुकता आमच्या गेममध्ये कामावर गेला होता. एकही रजा नाही, आणि एकशेएकाव्या दिवशी त्याला साक्षात्कार झाला की हे टाकाऊ आहे. अशी माणसं सांभाळणं हा माझा पाच वर्षांचा व्यवसाय होता. २०१४ ते २०१९, मुक्काम कॉर्क, आयर्लंड.

गेमचं नाव सांगत नाही. नोकरी सोडताना तशी सही करून घेतली आहे. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, त्या चालीवर मी त्याला नुसतं ‘तो’ म्हणते. ज्यांच्या घरात असलं काही नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टीव्हीला यंत्र जोडायचं, हातात बटणांचा कंट्रोलर घ्यायचा आणि एका मोठ्या काल्पनिक राज्यात शिरायचं. तुम्ही तिथले नायक. चेहरा तुम्ही निवडायचा, तलवार तुम्ही चालवायची, कोणाला वाचवायचं आणि कोणाला मरू द्यायचं हेही तुम्हीच ठरवायचं. त्याप्रमाणे पुढची गोष्ट बदलते. शेकडो माणसं चार-पाच वर्षं राबून असला एक गेम करतात आणि मग तो लोकांच्या हाती देतात. लोक पहिल्या आठवड्यात सांगतात, घोड्याची शेपूट आखूड आहे.

खरंच सांगतात. शेपटीवर आमच्याकडे एकशे बारा पत्रं होती. निम्मी म्हणत, शेपूट वाढवा. उरलेली म्हणत, शेपटीला हात लावाल तर याद राखा. शेवट रडवतो म्हणून एक बाई चिडलेल्या, शेवट रडवत नाही म्हणून दुसऱ्या. एका सकाळी लागोपाठ दोन पत्रं आली, पहिल्यात ‘इतका अवघड गेम लहान मुलांनी कसा खेळायचा’ आणि दुसऱ्यात ‘इतका सोपा गेम फक्त लहान मुलांसाठीच आहे’. पेटीवर तर ठसठशीत लिहिलेलं होतं की हा लहान मुलांसाठी नाही. गॉलवेच्या एका बाईंनी कळवलं की गेममधला पाऊस सरळ खाली पडतो आणि हे त्यांच्या बुद्धीला पटत नाही. गॉलवेत राहणाऱ्याला पाऊस आडवाच माहीत असतो. ती तक्रार मला मनापासून पटली होती.

माझं काम असं. ही सगळी पत्रं, शिवाय फोरमवरच्या चर्चा, म्हणजे जिथे खेळाडू एकमेकांची अक्कल काढतात ती जागा, हे वाचायचं, वर्गवारी करायची आणि रोज दुपारी चारला एका पानाचा अहवाल समुद्रापलीकडच्या मुख्य स्टुडिओला पाठवायचा. अहवालाला रंग असे. हिरवा म्हणजे लोक खूश, पिवळा म्हणजे कुरकुर, लाल म्हणजे बोंबाबोंब. मूळची मी पुण्याची. घरात प्रत्येक गोष्टीला नावं ठेवणारी माणसं बघत वाढले, त्यामुळे या कामाला लागणारी निबर कातडी मी माहेरूनच आणली होती.

वर्गवारीसाठी चार खोकी होती: प्रशंसा, तक्रार, बिघाड आणि इतर. ही चार खोकी माझीच कल्पना, बरं का. आधी सगळा गोंधळ होता. मी नियम केला की एक पत्र, एक खोकं, आणि ‘इतर’मध्ये पडलेल्या पत्राला मशीनच एका मिनिटात उत्तर पाठवेल. ‘आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, आपल्या साहसासाठी शुभेच्छा.’ खाली सही वैदेही. माणसाचं नाव असलं की बरं दिसतं, म्हणून माझंच दिलं. मॅनेजर नुआला हिला ही पद्धत इतकी आवडली की मीटिंगमध्ये माझ्यासाठी केक आणला होता. नुआला तशी मोजकं बोलणारी. आग लागली तरी ‘ग्रँड’, म्हणजे आपलं ‘झकास’, आणि विझली तरी ‘ग्रँड’. त्या दिवशी ती दोनदा ‘ग्रँड’ म्हणाली. मी चार दिवस हवेत होते.

‘इतर’ हे खोकं मी उघडून बघत नसे. कोणीच बघत नसे. आपल्या घरातल्या माळ्यासारखं ते होतं, वर टाकायचं आणि विसरायचं.

आता होडीचं सांगते. गेमच्या पहिल्या भागात एक रुंद नदी होती. ती ओलांडायला म्हातारा नावाडी आणि त्याची होडी. पार जायला अकरा मिनिटं लागत आणि त्या अकरा मिनिटांत काहीही घडत नसे. राक्षस नाही, तलवार नाही. गावची चार माणसं बसलेली, आपसांत गप्पा मारणारी, त्यात एक कोंबड्यावाली बाई. वाटलं तर नावाड्याला बाजूला बसवून वल्ही तुम्ही मारायची, डाव्या हाताने एक, उजव्या हाताने एक. बास.

या अकरा मिनिटांनी जगाचे दोन तुकडे केले. एक गट म्हणे, या गेममध्ये फक्त होडीच शहाण्या माणसाने केलेली आहे. दुसरा गट म्हणे, ज्याने ही होडी केली त्याला तीत बसवून नदीत सोडून द्या. दुसऱ्या गटाचा पुढारी गॉलवेचा होता. फोरमवर त्याचं टोपणनाव ‘नावाड्याला बुडवा’ अशा अर्थाचं. आमच्या ऑफिसात मी त्याला गॉलवेकर म्हणायचे. गॉलवेकराने ‘नदीचा छळ’ नावाची चर्चा सुरू केली आणि ती चाळीस पानं चालली. भाषा अशी की वाटावं, याला कोणी हातपाय बांधून त्या होडीत बसवतं. होडी आवडणारी माणसं दोन ओळी लिहून गप्प बसत. आवडलेल्या गोष्टीवर माणूस लिहून लिहून किती लिहिणार? माझे अहवाल लालच जात राहिले.

मग एका मंगळवारी सकाळी नदीवर पूल आला. आपल्याकडे पुलाच्या कोनशिलेवर शेवाळं चढतं तरी पूल होत नाही. इथे एका अपडेटमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून आपोआप येणाऱ्या एका दुरुस्तीत, दगडी कठड्यासकट उभा राहिला. होडी गेली, नावाडी गेला. स्टुडिओने कळवलं, ‘आम्ही खेळाडूंचं ऐकलं.’

नुआला म्हणाली, होडी गेल्याचं कोणाला वाईट वाटलं नाही असा एक परिच्छेद अहवालात घाल, वरची मंडळी खूश होतील. ‘इतर’मध्ये एकदा नजर टाक म्हणजे झालं. म्हणून मी ते खोकं उघडलं. कोणाला वाईट वाटलं नाही याचा पुरावा शोधायला मी तिथे गेले होते, हे मुद्दाम सांगते.

सगळ्यात वरचं पत्र वॉटरफोर्डच्या कॉन नावाच्या माणसाचं होतं.

“नदीवर पूल झालाय. चांगला आहे. पॅसेंजर आता चालत जातात. कोंबड्यावाली बाईही गेली, तिने मागे वळून पाहिलं नाही. आता लिहिण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून हे शेवटचं. माझी मुलगी म्हणते तलवार चालवा, पण तेवढी चपळाई माझ्या बोटांत नाही. वैदेही, तुमचे आभार. तुम्ही दर वेळी उत्तर दिलंत. इतकं कोणी करत नाही.”

त्याखाली मशीनचं उत्तर, एका मिनिटात गेलेलं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, आपल्या साहसासाठी शुभेच्छा. वैदेही.

मला शरम वाटली. शब्द शोधत बसत नाही, शरमच वाटली. खाली खाली जात राहिले तर कॉनची पत्रं संपेनात. अकरा महिने, दर आठवड्याला एक. कॉन तीस-बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. त्यानंतर त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, लायसन्स गेलं. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या मुलीने सुचवलं की बोटं हलती ठेवायला नातवाचा कंट्रोलर हातात धरून बघा. नातवाकडे आमचा गेम होता. कॉनला लढाई जमेना, पण नदीपर्यंत तो पोचला आणि तिथे त्याला वल्ही सापडली. मग तो पुढे गेलाच नाही. राज्यावर संकट आलेलं, राजकन्या कैदेत, राक्षस मोकाट, आणि हा माणूस अकरा महिने सकाळ-संध्याकाळ माणसं या काठावरून त्या काठावर नेऊन सोडत होता. पत्रात लिहायचा, ‘आज पाणी शांत. पाच पॅसेंजर. दोन फेऱ्यांनंतर अंगठा दुखला.’ पुढच्या आठवड्यात, ‘तीन फेऱ्या झाल्या.’ आणि दर पत्राच्या शेवटी मशीनच्या शुभेच्छांना उत्तर, ‘तुम्हीही काळजी घ्या, वैदेही.’

तक्रार नाही, प्रशंसा नाही, बिघाड नाही. माझ्या नियमाप्रमाणे पत्र अगदी बरोबर खोक्यात पडलं होतं.

शुक्रवारी घरी आले तेव्हा माझं तोंड उतरलेलं सासऱ्यांनी ओळखलं. आबा तेव्हा नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. आयुष्यभर एसटीत, शेवटी डेपोत कंट्रोलर, म्हणजे गाड्यांच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवणारे. कॉर्कला आल्यापासून त्यांचा एकच उद्योग, खिडकीतून समोरच्या स्टॉपवर बस किती मिनिटं उशिरा आली ते बघणं आणि संध्याकाळी माझ्या नवऱ्याला त्याबद्दल जबाबदार धरणं. मी केलेल्या प्रत्येक भाजीला नावं ठेवत आणि दुसऱ्यांदा वाढून घेत. त्यांना मी कॉनची पाच-सहा पत्रं मराठीत सांगितली. म्हटलं, या माणसाला काय म्हणायचंय तेच मला अकरा महिने कळलं नाही.

आबा म्हणाले, “पत्र नाही हे, बाई. हा ड्रायव्हरचा ड्युटी रिपोर्ट हाये. पानी कसं होतं, पॅसेंजर किती, फेऱ्या किती. तो तुले रिपोर्ट देत होता. तू त्याची कंट्रोलर होती.”

मग ते डेपोतल्या तक्रारवहीबद्दल बोलायला लागले. वहीत लिहिणाऱ्याची त्यांना कधी धास्ती वाटली नाही, म्हणाले. शिव्या घालणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला हजर असायचा. “मले भेव वाटे ते न लिवनाऱ्याचं. तो एक दिवस येनं बंद करते, अन् आपल्याले पत्ताच लागत नाही.” एवढं बोलून त्यांनी वांग्याच्या भाजीत तिखट नाही म्हणून सांगितलं आणि वाटी पुढे केली.

सोमवारी मी स्टुडिओला सविस्तर लिहिलं. कॉनचं नाव न घेता हात, वल्ही, फेऱ्या, सगळं सांगितलं. होडी परत आणा, निदान पुलाच्या शेजारी तरी ठेवा. उत्तर आलं की वल्ही वापरणारे खेळाडू अगदीच थोडे आहेत, तरी सूचना विचारात घेतली जाईल. भाषा माझ्या ओळखीची होती. मशीनला मीच शिकवली होती.

तेव्हा माझं डोकं फिरलं. स्टुडिओला फक्त आरडाओरडा ऐकू येतो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि आरडाओरडा करणारा माणूस कोण, हेही. आम्हा कर्मचाऱ्यांना फोरमवर स्वतःहून विषय काढायची सक्त मनाई होती. माझं वर्क परमिट त्या नोकरीवर, म्हणजे गंमत नव्हती. तरी मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर मी माझ्या नावाने एक साधा प्रश्न टाकला: ‘पुलावरून जाताना कोंबड्यावालीची आठवण कोणाला येते का?’

चहाच्या वेळेपर्यंत नऊ पानं झाली. लोकांना एकदम होडी आठवली. कोणाला त्या अकरा मिनिटांत आजोबा आठवायचे, कोणी मांडीवर बाळ झोपवून वल्ही मारायची, कॉर्कच्याच एका विद्यार्थ्याने परीक्षेच्या दिवसांत म्हणे फक्त होडीच चालवली होती. यातले किती खरे होते देव जाणे. पुलाच्या बाजूनेही लोक उभे राहिले, की इतका सुंदर पूल आणि तुम्हाला कदर नाही. जुंपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात कोण उतरावं? गॉलवेकर. त्याने लिहिलं, “होडी हा या गेमचा आत्मा होता. ज्यांनी ती काढली त्यांना खेळाडूंच्या भावना कधीच कळल्या नाहीत.” आणि होडी परत आणण्यासाठी सह्यांची मोहीम त्यानेच सुरू केली. त्याची ‘नदीचा छळ’ची चाळीस पानं माझ्याकडे जपून ठेवलेली होती. ती त्याच्या तोंडावर मारावीत असं फार वाटलं. मारली नाहीत. पहिल्यांदाच तो माझ्या बाजूने ओरडत होता.

नुआलाने मला बोलावलं. दार लावून घेतलं आणि विचारलं की विषय कोणी काढला. मी म्हटलं, मी. तिने कॉनची पत्रं मागितली. मी प्रिंट काढूनच नेल्या होत्या. तिने पहिली तीन वाचली. तिचे वडीलही बसवर ड्रायव्हर होते, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी म्हणाली, आजचा अहवाल लाल जाऊ दे, चांगला गडद. ‘ग्रँड’ म्हणाली नाही.

दोन महिन्यांनी होडी परत आली. स्टुडिओने कळवलं, ‘आम्ही खेळाडूंचं ऐकलं.’ वाक्यही तेच. माझ्या मनाला एक गोष्ट अजून टोचते. कॉन अकरा महिने शांतपणे लिहीत होता, त्याने काही हललं नाही. गॉलवेकर एक सकाळ किंचाळला आणि नदी मोकळी झाली. हे जमवून आणल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटते, आणि मग ती पद्धत बनवणारी मीच होते हेही आठवतं.

‘इतर’चं मशीनचं उत्तर मी बंद करून टाकलं. कॉनला स्वतः लिहायला बसले. चार वेळा खोडलं. होडी परत आलीय एवढं कळवलं आणि विचारलं, हात कसा आहे? आधीची उत्तरं माझी नव्हती, हे लिहायचं धैर्य झालं नाही. ते आज इथे लिहितेय, कारण कॉनला मराठी येत नाही.

तीन आठवडे काही आलं नाही. मी रोज सकाळी आल्या आल्या ‘इतर’ उघडायचे. आबांचं वाक्य डोक्यात घुमत होतं, येणं बंद करते अन् पत्ता लागत नाही. आबा नागपूरला परत गेले होते. फोनवर रोज एकच प्रश्न, ‘ड्रायव्हर ड्युटीवर आला का?’

आला. पत्र लांबलचक होतं आणि मुद्द्यांना आकडे घातलेले होते.

“१. नवी वल्ही चांदीची का? हाताला पकड येत नाही असं वाटतं. २. मागे ढोल वाजतात, त्यामुळे पॅसेंजर काय बोलतात ते ऐकू येत नाही. ३. होड्यांची शर्यत कशासाठी ठेवली आहे? प्रवासी घेऊन शर्यत लावणाऱ्या ड्रायव्हरची आमच्याकडे लेखी तक्रार व्हायची. ४. दहा फेऱ्यांनंतर मला पदक दिलं गेलं. मी मागितलं नव्हतं. ५. कोंबड्या पाच होत्या. आता चार आहेत. पाचवीचं काय झालं, याची चौकशी व्हावी. ६. हात बरा आहे. अंगठा आता तळव्याला टेकतो. ही तक्रार नाही, पण तुम्ही विचारलंत. ७. वैदेही, पूर्वी तुम्ही एका मिनिटात उत्तर द्यायचात. पुलानंतरच्या माझ्या पत्राला तर लगेच दिलंत, आणि मग दोन महिन्यांनी दुसरं. यात सुधारणा करावी.”

मी जागेवर बसून हसले आणि मग रडले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने टिश्यूचा डबा सरकवला. कोंबड्या मी स्वतः गेममध्ये जाऊन मोजून आले. खरोखर चारच होत्या. पाचवी नव्या ढोलांखाली कुठेतरी दबून गेली होती. ‘बिघाड’ म्हणून कळवलं, आठवड्याभरात ती परत आली. चांदीची वल्ही, शर्यत आणि पदक मात्र तशीच राहिली. त्यांची प्रशंसा करणारी पत्रं भरपूर होती.

त्या संध्याकाळी आबांना फोन लावला आणि सातही मुद्दे वाचून दाखवले. संपल्यावर म्हणाले, “नंबर घालून तक्रार लिवली ना? मंग आता काही काळजी नाही.”

दुसऱ्या दिवशी मी कॉनला उत्तर लिहायला घेतलं, मुद्देवार, एक ते सात. सातव्यापाशी, त्या एका मिनिटापाशी, बराच वेळ अडले. पूर्ण व्हायला दोन दिवस लागले.